तेलखाऊंची पंगत

दमले की मी चपला दारात काढायच्या विसरते. परवा तसंच झालं. कॉलेजातून सुटल्यावर सरळ घरी यायचं सोडून पाय दादरच्या चौपाटीकडे वळले. तिथे थोडा वेळ उगाच उभी राहिले आणि नायगावला परत येऊन, लिफ्टने वर येऊन, तशीच आत शिरले. पंख्याखाली बसल्यावर पाहते तर दारापासून खुर्चीपर्यंत नव्याकोऱ्या पांढऱ्या फरशीवर काळे ठसे. चपलेच्या तळाला डांबर लागलं होतं. पावसाळ्यात वारा समुद्रावरून जमिनीकडे सुटला की या काळ्या चिकट गोळ्या वाळूवर येऊन पडतात. कुठल्यातरी जहाजाने भर समुद्रात सांडलेलं कच्चं तेल असतं ते. लाटांनी घुसळून घुसळून त्याचं असं डांबर होतं आणि दरवर्षी न चुकता ते आपल्या पायाशी येतं.

"आलं वाटतं मेलं तेल," खिडकीशी बसलेली आई म्हणाली.

गेल्या कित्येक दिवसांतलं तिचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. मला रडू यायचंच बाकी राहिलं.

कारण सांगते. आई जेवत नाही. बाकी जगात काय चाललंय ते मला विचारू नका, माझ्या घरातली सध्याची बातमी एवढीच आहे. ताट समोर ठेवलं की ती घास मोडते, बोटांनी इकडचा तिकडे करते आणि ताट सरकवून ठेवते. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागलेत. बांगड्या कोपरापर्यंत जातात. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल आलं. मग वय आहे म्हणाले आणि दुधात घालून द्यायची एक पावडर लिहून दिली. ती पावडर मी स्वतः चाखून पाहिली आहे. भिंतीला लावायच्या पुट्टीत साखर घातली तर असंच लागेल.

मी काय केलं नाही? मुगाची मऊ खिचडी केली. सूप केलं, भाज्या गाळून. ओट्स केले, नाचणीची पेज केली. सकाळी कॉलेजला जायच्या आधी करायचं, संध्याकाळी येऊन तेच जसंच्या तसं सिंकमध्ये ओतायचं, आणि पुन्हा नवीन करायचं. आईला ओट्याशी येऊ देत नव्हते, जन्मभर राबली, आता बसू दे म्हणून. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्यामुळे आहार, पोषण, क्षार, नत्र, स्फुरद यांवर मी न अडखळता बोलू शकते. फक्त आईच्या पोटात घास जात नाही.

माझं नाव सुजाता. आमच्या घरांतून हे नाव का ठेवतात ते ठाऊक असेल. उपासाने हाडं उरलेल्या सिद्धार्थाला जिने खीर दिली, तिचं नाव. आईने मोठ्या हौसेने ठेवलं. ते नाव मी भलतंच मनावर घेतलेलं दिसतंय. आयुष्य कुणाला ना कुणाला भरवण्यातच चाललंय. आधी जिवाणूंना, आता आईला. जिवाणू निदान खायचे.

हे तेल मी पहिल्यांदा पाहिलं त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्या पावसाळ्यात मी परळच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला नुकतीच लागले होते. श्रावण सरत आला होता, होड्या पुन्हा समुद्रात सुटल्या होत्या, लालबागच्या कारखान्यांतून गणपतींच्या डोळ्यांची आखणी चालली होती. तेवढ्यात बंदराबाहेर एका जहाजातून तेल गळलं. दुसऱ्या दिवशी चौपाटीवर गेले तर लाटा फुटत होत्या पण त्यांना फेस नव्हता. जाड, काळी, आळसावलेली लाट यायची आणि वाळूवर सायीसारखी पसरून राहायची. खेकडे तेलात माखून जागच्या जागी बसले होते. वास थेट पार्कापर्यंत येत होता. मासळी बाजारात कोळणी भरल्या पाट्यांपुढे बसून होत्या आणि माणसं नाकाला रुमाल लावून पुढे निघून जात होती.

मी मात्र खुशीत होते. आता सांगायला लाज वाटत नाही, कामच तसं होतं. समुद्राच्या पाण्यात तेल खाणारे जिवाणू असतात. स्वच्छ पाण्यातही असतात, अगदी थोडे, कुणाच्या खिजगणतीत नसलेले. तेल आलं की त्यांची चंगळ होते, भराभर वाढतात. असे जिवाणू शोधणं हाच माझा विषय होता आणि शोधायची जागा घरापासून चालत जायच्या अंतरावर चालून आली होती. मी सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन बाटल्या भरभरून वाळू आणि पाणी गोळा केलं. घरी आले तेव्हा पाय पोटरीपर्यंत काळे. आईने मला खोलीत येऊ दिलं नाही. चाळीच्या पॅसेजमध्ये पाटावर बसवलं आणि खोबरेल तेल आणि जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन पाय चोळत बसली. समोरच्या दारातून परब काकी बघत होत्या. त्यांनीही एक बोळा आणला आणि दुसरा पाय धरला.

पॅसेजचं सांगायला हवं. आमची बीडीडी चाळ म्हणजे मधे लांबच लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. दारं सकाळी उघडायची ती रात्रीच लागायची. परब काकी समोरच्या. मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता. त्यांच्या आणि आमच्या दारातून वाटीची ये-जा होती. स्टीलची वाटी, तिच्यावर घरच्या माणसाचं नाव कोरलेलं. काकींची वाटी आमच्याकडे आली की तिच्यात आमच्या घरचं काहीतरी घालूनच परत जायची. रिकामी वाटी परत करायची नाही, हा नियम. कुणी घालून दिलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. त्या पावसाळ्यात माशांवरून सगळ्यांचंच मन उडालेलं. मग काकींच्या वाटीतून कुळथाची पिठी यायची. आमच्याकडून खर्डा नाहीतर झुणका जायचा.

हे वाटीप्रकरण पहिल्यापासून इतकं गोड नव्हतं, तेही सांगते. मी लहान असताना आमची वाटी त्यांच्याकडे जायची, पण तिच्यातलं तिथे खाल्लं जायचं की मोरीत जायचं, हे आईने कधी विचारलं नाही. विचारायचं नसतंच. आई फक्त वाटी भरत राहिली. पुढे काकींचा नवरा गेला. त्यांच्या घरात चूल पेटायची नव्हती आणि नातेवाईक गावाहून यायला वेळ होता. आईने भाकरी आणि पिठलं नेलं. काकी उठून आल्या आणि आमच्या उंबऱ्यात बसून, सगळ्या पॅसेजच्या देखत जेवल्या. त्या दिवसापासून काय ते नीट झालं.

तर तेलखाऊ. हे नाव आईने ठेवलं. त्यांना सांभाळायची रीत मी तिला एकदा समजावून सांगितली होती. समुद्राच्या पाण्यासारखं खारं पाणी काचेच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं. त्यात साखर नाही, पेप्टोनसारखं प्रथिन नाही, चवीचं काही म्हणून नाही. खायला फक्त कच्च्या तेलाचे थेंब. ज्याला ते पचतं तोच जगतो, बाकीचे उपाशी मरतात. मग तो फ्लास्क यंत्रावर दिवसरात्र हलत ठेवायचा. आईला हे ऐकून वाईट वाटलं होतं. लेकराला पाळण्यात घालायचं आणि रॉकेल पाजायचं, असं काहीतरी तिला दिसलं असावं. पण संध्याकाळी मी आले की भाकरी थापता थापता हमखास विचारायची, तेलखाऊ जेवले का? आणि मीही दूध पिणाऱ्या बाळाबद्दल सांगावं तसं सांगायचे, आज बरं खाल्लं, आज पाण्यावरचा तवंग फुटला.

पहिल्या फ्लास्कमध्ये मी वाळूसकट पाणी घातलं होतं. त्यात खाणं जोरात चाललं होतं. तवंग फुटला, पाणी गढूळ झालं, तेल उतरायला लागलं. पण आमच्या विद्येत त्याला किंमत नाही. आत कोण कोण आहे ते ठाऊक नाही, म्हणजे सगळी भेसळ. त्यातून एकेक जिवाणू वेगळा काढायचा, प्लेटमधल्या खाद्याच्या थरावर तारेने पुन्हा पुन्हा रेघा ओढून त्याची एकट्याची वसाहत वाढवायची, शंभर टक्के शुद्ध करायचा, आणि मगच त्याच्याबद्दल तोंड उघडायचं. माझ्या मार्गदर्शक मॅडम याबाबत फार कडक होत्या. बाई वाईट नव्हत्या, माझ्यासाठी भांडल्याही आहेत, पण शुद्ध कल्चर हातात असल्याशिवाय त्या समोर उभं करत नसत. मीही नेटाने शुद्ध केले. प्लेटवर काय देखणे दिसायचे! गोल, चकचकीत, एकासारखा एक. मूळ फ्लास्कवर फुली मारली आणि टाकायच्या भांड्यांत ढकलून दिला.

आणि मग ते शुद्ध, देखणे जिवाणू जेवेनात.

एकेकाला स्वतंत्र फ्लास्क दिला, ताजं तेल दिलं, तापमान सांभाळलं, नत्र वाढवून पाहिलं, स्फुरद वाढवून पाहिलं. थोडं तोंड लावायचे आणि थांबायचे. तेल वर तसंच्या तसं, झाकणासारखं. मी रोज परळहून नायगावला चालत यायचे, नवरात्रातले ढोलताशे कानावर आदळायचे, आणि आईने विचारलं की मान हलवायचे. घरात एखादं आजारी माणूस असावं तशी ती भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायची. मी पार थकले होते. विषय बदलावा असंही मनात येऊन गेलं.

त्याच सुमारास प्रयोगशाळेतला ऑटोक्लेव्ह बिघडला. टाकायची कल्चर आधी त्यात वाफेवर मारायची आणि मग धुवायची, अशी पद्धत. त्याच्या झाकणाचं रबर गेलं आणि नवीन रबर काही येईना. टाकायच्या भांड्यांचा ढीग कोपऱ्यात साचला. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदाचं रबर आलं, मी ढीग उपसायला घेतला, आणि सगळ्यात मागे तो फुली मारलेला फ्लास्क सापडला. त्याला कुणी हलवलं नव्हतं, पाहिलं नव्हतं. आतलं पाणी ताकासारखं गढूळ झालं होतं आणि तेल जवळजवळ संपलं होतं. तळाशी काळा चिकट गाळ होता तेवढाच.

मॅडमना बोलावलं. त्यांनी फ्लास्क उजेडात धरला, पुष्कळ वेळ फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, हे पुन्हा करून दाखव. पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. पुढची काही वर्षं मी त्या भेसळीतच काढली. एक जण साबणासारखं काहीतरी सोडतो आणि तेलाचे बारीक थेंब करतो, त्याला स्वतःला फारसं खाता येत नाही. दुसरा ते थेंब खातो. त्याच्या खाण्यातून जे उरतं ते साठलं तर त्यालाच विष होतं, ते तिसरा संपवतो. एकट्याला काढून, धुऊनपुसून, स्वच्छ ताटावर बसवलं की कुणाचंच चालत नाही. आता हे पुस्तकातही असतं. तेव्हा मी त्या ढिगाशेजारी स्टुलावर बसून खूप हसले होते, कारण शुद्ध या शब्दाशी आमच्या घराचं पिढ्यान् पिढ्या जमलेलं नाही, आणि मीच हातात त्या रेघा ओढायची तारेची लूप घेऊन महिनाभर शुद्धीकरण करत बसले होते.

तळाचा तो काळा गाळ मात्र कुणालाच खाता येत नाही. तेच पुढे डांबर होतं आणि चपलेला लागतं.

तर परवा मी फरशी पुसायला खोबरेल आणि जुनं कापड शोधत होते. तेल सापडलं. कापडासाठी आईचं कपाट उघडलं. खालच्या खणात तिच्या जुन्या लुगड्याचं बोचकं होतं, ते ओढलं तर आत टणक काहीतरी लागलं. स्टीलची वाटी. वाटीवर परब काकींचं नाव.

आता हेही सांगायला हवं. चाळ पाडली तेव्हा आम्हाला आणि काकींना तात्पुरत्या खोल्या शेजारीशेजारीच मिळाल्या होत्या. तोवर आई ठणठणीत होती. मग टॉवर उभे राहिले, सोडत निघाली, आम्ही ए विंगमध्ये वर आलो आणि काकी बी विंगमध्ये गेल्या. खिडकीतून त्यांची इमारत दिसते. पण जायचं म्हणजे एक लिफ्ट खाली, एक लिफ्ट वर, आणि दोघींनाही लिफ्टची धडकी. मी म्हटलं होतं, फोन लाव ना. फोनवर दोघी बरं आहे, बरं आहे म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. इथे दारं बंद असतात. पॅसेजमध्ये फक्त कॅमेरा असतो.

मी वाटी घेऊन आईपुढे आले. ही कधीची, म्हणून विचारलं. सामान हलवलं त्या दिवशीची, म्हणाली. तिच्यातून काकींनी सुक्या बांगड्याचं तिखलं दिलं होतं. मग इतके दिवस बोचक्यात कशाला, मला सांगायचं, मी जाता जाता देऊन आले असते, असं मी म्हणाले. माझा आवाज चढलाच. दमलेल्या माणसाचा चढतो.

आईने वाटी माझ्या हातातून घेतली आणि पदराने पुसली.

"रिकामी कशी देऊ? आणि माझ्या हातचं घरात आहे काय, ज्यानं भरू?"

मी फरशीवर बसले. डांबराशेजारीच. घरात सूप होतं, गाळलेलं. ओट्स होते. ती पुट्टीची पावडर होती. त्यातलं काहीही तिच्या हातचं नव्हतं आणि त्यातलं काहीही तिने वाटीत घालून काकींकडे पाठवलं नसतं. माणसाला कळायला किती उशीर लागावा! तोही आयुष्यभर हेच शिकवणाऱ्या माणसाला.

मी गॅसजवळून बाजूला झाले. आईने काय करायचं ते विचारलंसुद्धा नाही. सुक्या बोंबलांची पुडी मी माळ्यावर ठेवली होती, बंद फ्लॅटमध्ये वास कोंडतो म्हणून, तीच मागितली. बोंबील तव्यावर पडले आणि चिमणी, खिडक्या, पंखे, कशाचं काही चाललं नाही. मजल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच विचारणा आली की कुणाकडे बोंबील भाजतायत? मी मनात म्हटलं, झालं, आता यांची पोरंसुद्धा नाकं मुरडणार, ज्यांच्या तीन पिढ्या याच वासात वाढल्या. खाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, वाटी पाठवा. आई पाटा शोधत होती. पाटा आम्ही आणलाच नव्हता. तिने बत्त्याखाली लसूण-मिरची ठेचली आणि भाकरी थापली. भाकरी जरा वाकडी झाली.

लिफ्टमध्ये तिने वाटी दोन्ही हातांनी धरली होती, त्यामुळे घाबरून काही धरायला हात मोकळा नव्हता. डोळे मात्र घट्ट मिटले होते. मी भाकऱ्यांचं फडकं घेऊन शेजारी.

बी विंगमध्ये बेल वाजवली. पुष्कळ वेळाने आतून पावलं आली. मुलगा-सून कामावर होते. जाळीच्या दारामागे काकी उभ्या राहिल्या आणि मला धक्काच बसला. त्याही निम्म्या झाल्या होत्या. गाऊन अंगावर टांगल्यासारखा. म्हणजे इथेही कुणीतरी रोज सूप गाळत असणार आणि संध्याकाळी सिंकमध्ये ओतत असणार.

"इतके दिस खंय होतंस गो?" काकींनी विचारलं.

"तुझी वाटी भरत होते," आई म्हणाली.

काकींनी आम्हाला आत डायनिंग टेबलाकडे नेलं, पण दोघी खुर्च्यांवर काही टेकेनात. मग काकींनीच दोन ताटल्या घेतल्या, पातेल्यातली पिठी घेतली आणि बाहेर येऊन लिफ्टसमोरच्या चकचकीत पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून बसल्या. आई शेजारी बसली. दार सताड उघडं. कॅमेऱ्याचा लाल दिवा वर लुकलुकत होता. मी उभीच राहिले, फ्लास्कपुढे राहायचे तशी, श्वास धरून. आईने भाकरी मोडली, अर्धी काकींच्या ताटलीत टाकली. काकींनी पिठी वाढली. काहीही विशेष बोलणं झालं नाही. कुणाच्या सुनेचं काय, पाण्याला प्रेशर आहे का, एवढंच. आणि त्या नादात आई जेवली. तिच्या ताटलीत बोंबलाचा काटासुद्धा राहिला नाही. मी जिन्याकडे तोंड करून डोळे पुसून घेतले.

फरशीवरचं डांबर खोबरेलाने बरंचसं गेलं. एक पुसट करडा डाग राहिला आहे, तो आता जाणार नाही. मी नाद सोडलाय. थकवाही तसा गेलेला नाही. काल रविवार असून पेपर तपासत होते, मान आखडली आहे, आणि आईचं वजन काही एका वाटीने भरून येणार नाही, हे मला चांगलं कळतं.

पण निघताना काकींनी आईच्या हातात दुसरी वाटी दिली होती. पिठीची, वर झाकण ठेवून. आज सकाळी जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. उठून पाहिलं तर आई ओट्याशी उभी. परब काकींची वाटी धुऊन, पुसून, तिच्या शेजारी ठेवलेली. मी चहाला पातेलं घ्यायला पुढे झाले.

"बाजूला हो गं," आई म्हणाली. "मला उशीर होतोय. वाटी द्यायचीय."